सुनेला न सोसणारं सोनं

ते प्रकरण आठवलं की आजही थकवा येतो. चोर धरल्यावर जे समाधान मिळतं, ते त्यात नव्हतंच.

तेव्हा मी अकोल्यात जुने शहर भागातल्या ठाण्याचा प्रभारी होतो. भाद्रपदातल्या महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्यावर दोनेक दिवसांनी एका वकिलांच्या पत्नी फिर्याद घेऊन आल्या. सुनेला लग्नात घातलेला सोन्याचा हार दरवर्षी महालक्ष्मीच्या अंगावर चढे, एरवी कपाटात कुलूपबंद. यंदा कडी तुटली म्हणून दुरुस्तीला नेला, तर सराफानं घासून सांगितलं, पितळ आहे, वर नुसता मुलामा. बाईंचं म्हणणं, कोणीतरी खरा हार काढून हा ठेवला. वकील शेजारीच बसले होते.

खबर लगेच मिळाली. अशा वेळी गल्लीत खबऱ्यांचा तोटा नसतो. स्वयंपाकाला येणारी बाई महालक्ष्म्यांच्या खोलीत एकटीच होती म्हणे. महिला शिपायांनी तिला दिवसाढवळ्या जीपमधून चौकशीला आणलं.

"साहेब, मी पुरण वाटून राहिलो होतो. त्या हाराले हात कावून लावू? या गल्लीतली घरं माह्या हातचं खातात. थे काम गेलं तर माही चूल कशावर पेटन?"

उलटसुलट विचारूनही तिचा जबाब बदलला नाही. चोरटा माणूस सहसा गरजेपेक्षा जास्त सांगतो. ही तेवढंच सांगत होती.

पंचनाम्यासाठी वकिलांच्या घरी गेलो. सुनेच्या कानात साध्या स्टीलच्या बाळ्या, गळ्यात काळी पोत, तिच्या वाट्या चांदीच्या. एवढ्या घरची सून आणि असं? सासूबाई म्हणाल्या, "तिले सोनं सोसत नाही. लग्नात हार घातला अन् मानेवर लाल चट्टे उठले. नशिबातच नाही तिच्या, असं आम्ही चिडवतो."

"मग हातातल्या बांगड्या?"

"आईनं दिलेल्या, अमरावतीच्या," सून म्हणाली. "सोन्याच्याच आहेत."

"त्या सोसतात?"

"हो, त्यांनी कधी चट्टे उठले नाहीत," बांगड्यांकडे पाहत ती म्हणाली. माझ्या बायकोलाही नकली दागिन्यातलं निकेल सोसत नाही, चट्टे उठतात, म्हणून ती कानात स्टील घालते. सुनेला सोनं सोसत होतं. सोसत नव्हता तो हार, म्हणजे तो लग्नाच्या दिवशीच खोटा होता. चोरी झालीच नव्हती.

वकिलांना बाजूला घेतलं. फार विचारावं लागलं नाही.

"लग्नाच्या बैठकीत हाराचा शब्द देऊन बसलो होतो. ऐन वेळी सोन्याचा भाव चढला, मग मुलाम्याचा घातला. मागाहून खरा करून ठेवणार होतो, राहून गेलं."

"आणि त्या बाईला जीपमध्ये बसवलं, तेव्हा का बोलला नाहीत?"

मला त्यांची चीड आली, आणि खरं सांगायचं तर थोडी कीवही.

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण क समरीचा अहवाल कोर्टात पाठवून बंद होणार होतं. पण स्वयंपाकाची बाई ठाण्यातून उठेना. "सर्व्यायसमोर नेलं, आता सर्व्यायसमोर सांगा." मी तिला जीपमधूनच गल्लीत नेलं. रोज कोर्टात तासभर बोलणाऱ्या वकिलांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांची पत्नीच ओट्यावर आली आणि मोठ्यानं म्हणाली, "हिनं काही नेलं नाही. खोटं आमच्याच घरचं होतं."

चोर कोण, याच्या आधी चोरी झाली का, हे विचारावं. हाताखालच्या पोरांना मी पुढे हेच सांगत आलो. ते शिकणं सोपं होतं. पुढच्या महालक्ष्म्यांच्या वेळी मोर्णा नदीच्या पुलावर ती बाई भेटली. यंदा कोणाकडे स्वयंपाक, म्हणून सहज विचारलं.

"वकिलीणबाईकडे. बाकी कोनी बोलावलं नाही," ती म्हणाली. "देवीच्या निवदाचं काम हाय ना साहेब. लोक म्हनतात, बाई तू चांगली, पन ठान्यात जाऊन आली."