नातीसाठी एक तास, पोलंडसाठी तीस दिवस

मंडळी, आज शेजारच्या ओक्सानाच्या आईला एअरपोर्टवर सोडून आले. युद्धामुळे युक्रेन सुटलं, आता मावशी पोलंडमध्ये राहतात. तीस दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं, तर तिथला कायदेशीर दर्जा जातो.

लेकीच्या बाळंतपणाला आल्या होत्या. तारीख उलटली तरी बाळ येईना. शेवटी आज सकाळी नात झाली, आणि मावशींचे तीस दिवस उद्याच संपत होते. तासभर तिला मांडीवर घेतलं आणि मावशी हॉस्पिटलमधून थेट माझ्या गाडीत बसल्या.

"थांबावंसं वाटलं नाही?" मी विचारलं.

"वाटलं ना. पण तिथे मी हक्काने राहते, शाळेत स्वयंपाक करते. घर एकदा गेलंय माझं, दुसरं मी हातानं घालवणार नाही," त्या मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या.

माझ्या बाळंतपणाला आई सहा महिने राहिली होती, तरी ती निघाल्यावर मी रुसले होते. तुमची किती दिवस राहिली?