फिकट दिसलं, उपटून टाकलं

मी कमी बोलणारा माणूस. मी एक वाक्य सुरू केलं की ते संपेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो, असं आमची मंडळी म्हणते. तरी हा किस्सा आज मीच सांगणार. मी नाही सांगितला तर ती सांगेल, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याच्या दुप्पट गाढव दिसतो. एकपट होतोच, ते कबूल!

घ्या, तुम्ही चहा घ्या. सांगतो.

आमचं घर पिंपळवंडीला. मुलगा चाकणला कंपनीत, घरी येणार ते रविवारी. त्यानेच कुणाचा तरी वापरलेला कॉम्प्युटर आणला होता. पेनड्राइव्ह नवे नवे आले होते, तेव्हाची गोष्ट. सून वैशाली लग्नानंतर बाहेरून बी.ए. करत होती आणि शेवटच्या वर्षाला तिला प्रकल्प लिहायचा होता. तिने विषय घेतला, गावातल्या जुन्या विहिरी.

मग काय, माझी चौथी यत्ता कामाला आली! सतरा विहिरी मी तिला हिंडून दाखवल्या. कुठली कुणी खोदली, कुठल्या विहिरीला किती पुरुष खोल पाणी, कुठल्या मोटेला कुणाचे बैल. मी सांगायचो, ती वहीत उतरवायची आणि स्वयंपाक आटोपला की दोन बोटांनी टाइप करायची. टाइप झालं की वहीची पानं आमची मंडळी चुलीला लावायची. असे चार महिने गेले. सोमवारी पाचच्या आत प्रकल्प जुन्नरच्या केंद्रात पोचला पाहिजे, नाहीतर पोरीचं वर्ष गेलं.

आणि त्याच आठवड्यात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. वैशालीने पेनड्राइव्ह कुठल्या तरी दुकानात लावला होता, तिथून आला.

शुक्रवारी जुन्नरहून अस्लमभाई आले. हा माणूस आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. दोन तास खटपट केली आणि म्हणाले, "व्हायरस मेला, आप्पा. पन जाताना घरात लई मोडतोड करून गेलाय. ती आता येक येक निस्तरायची."

मोडतोड म्हणजे काय? सुरू केलं की एक चौकट यायची, अमकी फाइल सापडत नाही म्हणून. ती अस्लमभाईंनी घालवली. वैशाली सगळं ठेवायची तो कप्पा उघडेना, नुसता विचारायचा, कशाने उघडू? तेही त्यांनी नीट केलं. राहिली एक गोष्ट. वैशालीची फोल्डरं नावापुरती दिसत होती, आतलं लिखाण गायब. ती रडकुंडीला आली.

"गेलं न्हाई ताई," अस्लमभाई म्हणाले. "त्यानं लपवून ठेवलंय. आता बगा, लपलेलं समदं दाखवायला लावतो."

नेमका त्याच वेळी मी म्हशीची धार काढायला उठलो. हे लक्षात ठेवा बरं का! पुढचा सगळा घोटाळा त्या म्हशीमुळे झाला. असं मी घरात सांगून पाहिलं. म्हशीने हरकत घेतली नाही, पण बाकी कुणी ऐकलंही नाही.

मी दूध घेऊन आत आलो तर लाइट गेलेली आणि अस्लमभाई गाडीला किक मारत होते. उद्या संध्याकाळी येतो म्हणाले.

सकाळी मी वैशालीला विचारलं, "झाला का गं बरा?"

"झाला आप्पा. थोडी साफसफाई राहिलीय, ती अस्लमभाई करतील," असं म्हणून ती प्रमाणपत्रावर सरांची सही आणायला जुन्नरला गेली.

साफसफाई! मनात आलं, पोरीमागे केवढी घाई. साफसफाईला जुन्नरहून माणूस कशाला? कॉम्प्युटर मला अगदीच परका नव्हता. नातवंडांचे फोटो बघण्यापुरतं वैशालीने शिकवलं होतं, आणि नको असलेला फोटो डिलीट बटणाने टोपलीत कसा टाकायचा, तेही. इंग्रजी वाचता येत नाही, पण 'येस' कुठे असतं ते ठाऊक होतं.

दहाला लाइट आली. मी हात धुतले, डोळ्याला चष्मा लावला आणि बसलो.

कप्पा उघडला. फोल्डरच फोल्डर! आणि बघतो तर काय, निम्मी पिवळी धमक, भरलेली, टवटवीत. आणि प्रत्येकाच्या शेजारी तसंच एक, पण फिक्कं. पार निस्तेज! आरपार दिसेल असं.

आता मला सांगा, ज्याचा जन्म टोमॅटोत आणि कांद्याच्या रोपात गेला, त्याला फिकट रोप दिसलं तर तो काय करणार? वाफ्यात एक रोप फिकं पडलं तर माणूस त्याच्या बरं होण्याची वाट बघत बसत नाही. उपटतो. नाहीतर चार दिवसांत वाफा जातो!

मी उपटायला लागलो.

फिकट दिसलं की बोट, डिलीट. दर वेळी एक चौकट यायची, इंग्रजीत काहीबाही विचारायची. नवा बैलही पहिल्या वळणाला अडतोच. मी म्हणायचो, येस. एकही फिकं ठेवलं नाही. मग एक टवटवीत फोल्डर उघडून पाहिलं. उघडेना. दोनदा टकटक केलं, तरी ढिम्म. म्हटलं असू दे, आजारातून उठलंय, अशक्तपणा असणार.

तुम्ही हसताय. मी त्या दिवशी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या, इतका खूश होतो.

दोनच्या सुमारास वैशाली आली. मी गप्पच बसणार होतो, तिला आपोआप कळावं म्हणून. पण राहवलं नाही.

"पोरी, अस्लमभाईला येऊ नको म्हणून कळव. समदं साफ केलंय."

"काय साफ केलं, आप्पा?"

"फिकी पडली व्हती ती. एकूण एक उपटली."

तिच्या हातातली पिशवी खाली पडली. ती धावत कॉम्प्युटरकडे गेली, बटण दाबलं, पडदा जरा उजळला... आणि लाइट गेली. आता थेट सहाला येणार.

ती स्टुलावर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आप्पा, फिकी ती खरी व्हती. लपवलेली दिसायला लागली की तशी फिकी दिसतात. टवटवीत ती व्हायरसनं त्याच नावानं मांडलेली नकली. आज तीच काढायची व्हती."

म्हणजे मी पीक उपटलं होतं आणि तण राखलं होतं! सतरा विहिरी एका सकाळीत बुजवल्या. त्याही माझ्याच.

आमची मंडळी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अवो, जलमभर आमच्या कामाला हात लावला न्हाई तुमी. आजच कुठून हुक्की आली?"

वैशाली रडली असती तर बरं झालं असतं. पण ती रडत नव्हती. मी तिची नवी वही शोधून आणली आणि तिच्यासमोर ठेवली.

"घे पोरी. मी पुन्यांदा सांगतो. पयली वडाची विहीर. तिला... पाणी... पाच पुरुष."

"सोमवारपत्तूर सतरा?" मंडळी कडाडली. "तुमाला येक वाक्य बोलायला दिवस मावळतो! पोरीला पुढच्या साली बसवा त्यापरीस!"

वैशालीने मात्र पेन उघडलं. खिडकीपाशी सरकली आणि लिहायला लागली. मीही जन्मात बोललो नाही इतक्या भराभर बोलत होतो. अस्लमभाई दारात आले तेव्हा आम्ही तिसऱ्या विहिरीत होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मिशीवरून हात फिरवला. "टवटवीत काय उघडलं न्हाई ना, आप्पा?"

"येकच. दोनदा."

"झालं! मेलेला जिता केला तुमी. बरं, ते मी बगतो. पन आता नीट आठवून सांगा. डिलीट केलं ते टोपलीत जातं. ती टोपली नंतर रिकामी केली का?"

मी विचार करायला लागलो. माझा विचारही माझ्या बोलण्याइतकाच सावकाश.

"अवो, बोला की!" मंडळी ओरडली.

"रिकामी?" मी म्हणालो. "उकिरडा कुनी त्याच दिवशी उपसतं व्हय, अस्लमभाई? वर्सभर कुजू द्यायचा. मंग उन्हाळ्यात रानात न्यायचा."

अस्लमभाईंनी अशी टाळी वाजवली की गोठ्यात म्हैस उठून उभी राहिली. "वाचलं, ताई! ह्या मानसाच्या उकिरड्यानं वाचवलं!"

सहाला लाइट आली. त्यांनी जिता झालेला व्हायरस पुन्हा मारला, टवटवीत नकली सगळी काढली आणि टोपलीतलं एकूण एक जागेवर परत आणलं. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ लिहिली आणि माझ्या डोळ्यांदेखत फिकी फोल्डरं भरत गेली. पाणी दिल्यावर मान टाकलेलं रोप उभं राहतं ना, तशी. वैशालीने एक उघडलं. वडाची विहीर, पाच पुरुष. तेव्हा कुठे ती रडली. मीही चष्मा पुसला. धूळ फार असते हो आमच्याकडे.

सोमवारी तीन वाजताच प्रकल्प केंद्रात पोचला. पोरगी पास झाली.

फक्त एक बदल झाला. त्याच शनिवारी वैशालीने चमच्याच्या टोकाने कीबोर्डवरचं डिलीटचं बटण उचकटून काढलं आणि सासूच्या हवाली केलं. ते मंडळीने कुठल्याशा डाळीच्या डब्यात ठेवलंय. कुठल्या डाळीच्या, ते मला अजून सांगितलेलं नाही.

घरी पावणे आले की कीबोर्डकडे बघून विचारतात, "हितलं येक बटण कुठं गेलं, वो?"

मी तोंड उघडेपर्यंत वैशाली सांगून मोकळी होते, "फिकं पडलं व्हतं, आप्पांनी उपटलं."