उपासाच्या सोमवारची गोळी

"काका, हा मोतीबिंदू नाही. तुमच्या डाव्या डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडलंय," लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आजाराचं नाव इस्केमिक ऑप्टिक न्यूरोपॅथी. डोळ्याला दिसलेलं मेंदूपर्यंत नेणारी जी नस, तिचा रक्तपुरवठा एकाएकी घटला की ती सुजते आणि नजर जाते. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

मी लातूरजवळच्या मुरुडचा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मूठभर तूर हातावर घेऊन तिची प्रत सांगणं, हे माझं तीस वर्षांचं काम. नजरेचा मला भारी गर्व.

श्रावणातल्या मंगळवारी सकाळी मी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेला बसलो होतो. लिंग डाव्या तळहातावर, नजर त्याच्यावर. उजव्या डोळ्यात भस्म गेलं म्हणून तो मिटला, तर तळहातच दिसेना. वरचा कोनाडा दिसत होता, खालचं सगळं काळसर.

मी शहाण्याने डोळ्यात गुलाबपाणी घातलं आणि मोंढा गाठला. असे दोन दिवस घालवले. तुम्ही हे करू नका. एका डोळ्याने अचानक कमी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. तिसऱ्या दिवशी ओट्याच्या पायरीवरून पडता पडता वाचलो, तेव्हा बायकोने, महानंदाने, मला एसटीत बसवून लातूरला नेलं.

दवाखान्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले आणि तासभर बाकावर बसवलं. मग ओसीटी, म्हणजे नसेची सूज दाखवणारा फोटो. मग फील्ड टेस्ट. एका डोळ्यावर पट्टी लावून यंत्रात बघायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी न दिसलेल्या ठिपक्यांनाही दाबलं. यंत्राने चोरी पकडली, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. रक्तवाहिन्यांना सूज नाही ना, हे बघायला रक्त तपासलं. ती नव्हती.

"बीपीच्या गोळ्या कशा घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

मी ताठ मानेनं सांगितलं. श्रावणी सोमवारी दिवसभर पाण्याचा थेंब नाही, मग गोळी कशी घेणार? रात्री उपास सोडला की सकाळची आणि रात्रीची, दोन्ही एकदम. एकही चुकवत नाही.

"म्या सांगून सांगून थकले. ऐकतील तर शपथ," महानंदा म्हणाली.

"झोपेत बीपी तसंही उतरतं. दोन गोळ्यांनी आणखी उतरलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "हेच कारण, असं ठाम सांगता येणार नाही. पण गेलेली नजर परत आणणारं खात्रीचं औषध नाही, आणि दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो. आता तो जपायचा. गोळी मनाने वाढवायची नाही, बंदही करायची नाही."

उजवा गेला तर तूर नाही, मोंढा नाही, महानंदाचा चेहराही नाही. परतीच्या एसटीत मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पुढच्या सोमवारी भीत भीत आमच्या मठात गेलो. गोळीने उपास मोडतो का, हे स्वामीजींना आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. ते हसले. "मी माझी शुगरची गोळी उपास असला तरी सकाळीच घेतो. तुम्ही कधी इचारलंच न्हाई."

वर्ष झालं. डावा तसाच आहे, पण उजवा शाबूत. तूर आता थोडी वर धरून बघतो, प्रत अजून चुकलेली नाही. त्या डॉक्टरीणबाईंचे आणि महानंदाचे उपकार मी विसरणार नाही.

यंदाच्या पहिल्या श्रावणी सोमवारी स्वामीजींनी मला मठात सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाले, "सांगा, तुमचं काय झालं ते." मी सगळं सांगितलं, गुलाबपाण्यासकट. बोलून झालं तेव्हा मोंढ्यातले चार जण उठले आणि खाली मान घालून गोळी घ्यायला घराकडे निघाले. सगळ्यात पुढे माझा थोरला भाऊ होता.