वेतवाल्याचं सुटलेलं नाव

खुर्ची हातात आली की वेतवाला आधी ती उलटी करायचा. बसणाऱ्याला जे दिसत नाही तिथेच खुर्ची आजारी पडते, असं त्याचं मत. चाळीस वर्षं तो लोकांच्या खुर्च्यांना वेत विणून देत होता. स्वतः बसायचा लाकडी पाटावर. गल्लीच्या टोकाला त्याची एकच खोली. पुढे दुकान, मागे पलंग, मधे वेत भिजत घालायची बादली. पलंगावरून उठून चार पावलं टाकली की माणूस कामावर हजर. उशीर झाला म्हणून रागावायलाही कोणी नाही.

त्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, धाकटा भाऊ. आई गेली त्या वर्षी दोघांची जुंपली. दवाखान्यात शेवटी तिच्याजवळ कोण होतं आणि कोण नव्हतं, यावरून. बोलू नये ते दोघं बोलले आणि धाकटा गेला निघून. कधी बोटीवर काम, कधी कुठल्या खाणीवर. आज इथे तर उद्या तिथे, फोनचा नंबर काही टिकत नसे. जाण्याआधी हौसेनं त्यानंच काही वर्षांचे पैसे एकदम भरून दुकानाची वेबसाइट करून दिली होती आणि त्याच नावाचा मेलचा पत्ताही. त्या पत्त्यावर दर वर्षी आई गेली त्या तारखेला त्याचा मेल यायचा. दोन ओळींचा. 'मी ठीक. तू वेळेवर जेवतोस ना?' वेतवाला उत्तराचं बटण दाबायचा आणि एका बोटानं लिहायचा, 'जेवतो.' भावाचा पत्ता कागदावर उतरवून ठेवावा असं त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. बटण होतं ना!

एक दिवस एका गिऱ्हाइकाचा फोन आला, "तुमचं वेबसाइटचं पान उघडत नाही हो." वेतवाल्यानं मेल उघडून पाहिला. तोही उघडेना. तसाच ओल्या हातांनी तो शेजारच्या झेरॉक्सवालीकडे गेला. बाई तोंडाची फटकळ, पण हात सढळ. साऱ्या गल्लीचे फॉर्म तीच भरायची.

"काका, नावाची मुदत संपलीय," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "इंटरनेटवरचं नाव विकत मिळत नाही, भाड्यानं मिळतं. भाडं थकलं की नाव गेलं. सूचना आल्या असतील की तुम्हाला!"

"आल्या होत्या. शेवटची संधी, आत्ता पैसे भरा, असं काहीबाही. मी पुसून टाकल्या."

"का?"

"तूच सांगितलं होतंस ना, पैसे भरा म्हणणाऱ्या मेलला हात लावायचा नाही म्हणून."

झेरॉक्सवालीनं हातातले फॉर्म बाजूला ठेवले.

मग तिनं नीट चौकशी केली. मुदत संपल्यावरही नाव काही दिवस जुन्या मालकाचंच असतं, तो दंड भरून सोडवू शकतो. पण नाव भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या दप्तरी मालक होता धाकटा. पासवर्ड त्याच्याकडे. कंपनीनं गोड आवाजात सांगितलं, मालकालाच बोलवा. आता मालक सापडला असता तर हवं होतं काय!

"मग एकच उरलं," ती म्हणाली. "थांबायचं. दंडाची मुदत संपली की नाव पाच-सहा दिवस कुलपात असतं. तेव्हा कोणालाच मिळत नाही. नंतर सुटतं. सुटलं की जो आधी नोंदवेल त्याचं."

"आणि दुसऱ्या कोणी आधी घेतलं तर?"

"तर भावाचे मेल त्याच्या घरी."

वेतवाल्यानं ओले हात सदऱ्याला पुसले. आपल्यासाठीचं 'जेवतोस ना' आता भलत्याच माणसाला विचारलं जाणार!

अशी सुटणारी नावं टिपायला लोक टपून असतात, आधीच मागणी नोंदवून ठेवतात, असंही तिनं सांगितलं. "आपणही नोंदवू. सुटल्याबरोबर कंपनीच आपल्यासाठी झडप घालेल. दोघांनी मागितलं तर मात्र लिलाव." तिनं नोंदवलं आणि नावाची स्थिती कुठे बघायची तेही त्याला दाखवलं. रोज सकाळी तो तिच्या दुकानात येऊन तेवढं बघायचा. दंडाची मुदत चालू. अजून चालू. मग कुलूप.

कुलपाच्या तिसऱ्या दिवशी आईची तारीख आली.

त्या दिवशी तो झेरॉक्सवालीकडे गेला नाही. एक खुर्ची विणायला घेतली, चार ओळी उसवल्या, पुन्हा विणल्या. आत्ता धाकटा कुठेतरी बसून लिहीत असेल. आत्ता पाठवलं असेल. आत्ता त्याला पत्ता चालत नाही असं उलट कळलं असेल. दादानं दार बंद केलं, असंच तो समजणार. आणि असं समजायला वेतवाल्यानं त्याला आधी एकदा कारण दिलंही होतं.

कुलूप निघायच्या दिवशी वेतवाला दाढी करून, धुतलेला सदरा घालून, ओळखपत्र घेऊन झेरॉक्सवालीच्या बंद दुकानापुढे जाऊन उभा.

"हे काय, काका? लग्नाला निघालात?"

"रांग लागली तर?"

"रांग कॉम्प्युटरच्या आत असते हो," असं म्हणत तिनं कुलूप काढलं आणि त्याला स्टूल दिलं.

दुपारी कंपनीचा निरोप आला. नाव मिळालं. लिलाव नाही, चढाओढ नाही. दुसऱ्या कोणी मागितलंच नव्हतं.

"बघा! उगीच घाबरलात," ती म्हणाली.

"कोणालाच नको होतं?" त्यानं विचारलं. आनंद व्हायला हवा होता; झालाही, पण पाहुणे न आलेल्या घरात होतो तसा.

झेरॉक्सवालीनं त्याच नावाचा मेलचा पत्ता पुन्हा उघडून दिला. पेटी कोरी करकरीत. जुने मेल नाहीत, म्हणून भावाचा पत्ताही नाही. चालतंय का बघायला तिनं स्वतःच एक मेल पाठवला, 'काका, पोचलं का?' तो पोचला. पेटीत तेवढाच.

"त्याला कळवणार कसं?" वेतवाल्यानं विचारलं.

"ते आपल्या हातात नाही." तिनं वेबसाइटचं कोरं पान उघडलं. "पण त्याचा मेल परत आला असेल, तर तो एकदा तरी वेबसाइट उघडून बघेलच की. तिथं काय लिहू? दुकानाच्या वेळा, फोन नंबर, वेताचे प्रकार?"

"ते खाली लिही. वर लिही, तुझं पत्र परत आलं ते माझ्या चुकीनं. पुन्हा पाठव. मी इथेच आहे."

तिची बोटं थांबली. "काका, हे गिऱ्हाइकं वाचतील."

"वाचू देत," वेतवाला म्हणाला. "आणि पुढे हेही लिही. वेळेवर जेवतो."