टिटवीचा पत्ता

टिटवीच्या अंड्यांचा फोटो मी माझ्या वेबसाइटवर टाकला आणि खाली त्या माळाचा नकाशाही जोडला. एरवी माझी वेबसाइट मी आणि माझा मेहुणा असे दोघेच बघतो, त्यामुळे तो नकाशा कोणी वापरेल असं वाटलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी गेलो, तर माळावर पाच गाड्या आणि अंड्यांभोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं. टिटवी वर घिरट्या घालत ओरडत होती. ऊन चढत होतं आणि खड्यांच्या रंगाची ती चार अंडी उघडी तापत होती.

"हला की तिथनं! पाखरू बसायचं कसं?" शेळ्या राखणाऱ्या एक मावशी ओरडल्या. मीही हात जोडून एकेकाला मागे सारलं आणि आम्ही सगळे बांधाआड श्वास रोखून बसलो. टिटवी उतरायची, दोन पावलं चालायची, पुन्हा उडायची.

सुंदर काही दिसलं की ते लगेच दाखवत सुटायची ही घाई कसली असते? त्यात त्या जागेचं कौतुक किती, आणि 'मी तिथे होतो' हे किती? या पाखरानं मात्र सगळी हुशारी न दिसण्यात घातली होती.

अखेर ती अंड्यांवर बसली. सवयीनं माझा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"ठेव तो डबा खाली," मावशी म्हणाल्या. "अंडी दगडांत लपवायची अक्कल त्या पाखराला हाय. तुला तेवढीबी नाय."