राणीचे हात

आत्याचे हात बघण्यासारखे नव्हते. पण असं तिच्या तोंडावर म्हणायची हिंमत फार थोड्यांची व्हायची, कारण तिला उत्तर चटकन सुचायचं आणि ते ऐकणाऱ्याला आठवडाभर पुरायचं. हात मात्र खरोखरच तसे होते. मागावर धोटा फेकून फेकून उजवी तर्जनी वाकडी झालेली, अंगठ्याला घट्टा, बोटांच्या कडांना सुतानं कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा आणि नखांच्या मुळाशी रंगाचा काळपटपणा, जो कुठल्याच साबणाला दाद देत नव्हता. वयाच्या बासष्टाव्या वर्षीही ती दिवसाचे आठ तास मागावर बसायची. आठ मागांच्या त्या लांबलचक शेडमधल्या सगळ्याच जणी तिला आत्या म्हणायच्या. तिची सख्खी भाची पहिल्या मागावर होती आणि दिवसभर ‘आत्या, आत्या’ करून तिचं डोकं खायची, तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

त्या वर्षी शहराबाहेरच्या स्टुडिओत एका जुन्या ग्रीक महाकाव्यावरच्या सिनेमाची तयारी चालली होती. गोष्ट अशी, की राजा लांबच्या लढाईला गेलाय आणि वीस वर्षं परतलेला नाही. घरात लग्नाला उतावीळ झालेल्या पुरुषांनी ठाण मांडलंय. राणी त्यांना सांगते, हातातलं कापड विणून होऊ दे, मग बघू. दिवसा विणते आणि रात्री तेच उसवते. सिनेमाचा कलादिग्दर्शक कापड शोधत शेडमध्ये आला, अर्धा तास आत्याचं काम बघत उभा राहिला आणि म्हणाला, “आत्या, आमच्या नायिकेला विणणं शिकवाल? आणि जिथं नुसते हात जवळून दाखवायचेत, तिथं तुमचेच घेऊ.”

“माझे हात? सिनेमात?” आत्या म्हणाली. “चष्म्याचा नंबर बदललाय का तुमचा?”

तोंडानं असं म्हणाली खरी, पण तो गेल्यावर तिच्याकडून तीन धागे चुकले. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिला इतका आनंद झाला होता की तो लपवायचा कसा हेच तिला कळेना. शेवटी लपवला नाहीच. संध्याकाळपर्यंत भाजीवालीपासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना माहीत झालं, की ग्रीक राणीचे हात आपल्या आत्याचे असणार आहेत.

इकडे भाचीच्या फोनवर भलतीच लढाई पेटली होती. सिनेमातली नायिका सावळी होती, ठेंगणी होती आणि बसक्या नाकाची होती. झालं. ज्यांनी आयुष्यात त्या महाकाव्याचं पान उलटलं नव्हतं, तेही छाती ठोकून सांगू लागले की राणी अशी नसतेच. दुसरी बाजू म्हणायची, गोष्ट आहे, कुणीही करावी. तिसरे म्हणायचे, मूळ ग्रंथाशी इमान राखा. भाची जेवणाच्या सुट्टीत एकेक शेरा वाचून दाखवायची आणि आठही जणी आपापला निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या.

“ग्रंथात तिच्या नाकाबद्दल काय लिहिलंय?” आत्यानं एकदा विचारलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा आत्यानं भाचीला वाचनालयात पिटाळलं आणि त्या महाकाव्याचं जाडजूड भाषांतर आणवलं. पुढचे पंधरा दिवस भाची रोज तासभर मोठ्यानं वाचायची, आणि तिच्या वाटचं विणकाम बाकीच्या वाटून घ्यायच्या. राक्षस आले, वादळं आली, जहाजं बुडाली. आत्या मान खाली घालून विणत राहिली. पण एका दुपारी तिनं हात थांबवला.

“काय म्हणालीस? परत वाच.”

“बाई मागापुढे येरझारा घालत विणतेय, असं आहे.”

“येरझारा? विणताना?” आत्यानं स्वतःच्या मागाकडं बघितलं. बैठकीवर बसायचं, पायांनी दाबायच्या पावड्या खाली. इथं येरझारा घालायच्या तर माग सोडूनच उठावं लागेल. “म्हणजे तिचा माग उभा असणार. वरच्या दांडीला धागे लोंबकळत असणार आणि धागा आडवा न्यायला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत असणार. शेवटची पानं बघ, चित्र असेल.”

चित्र होतं. जुन्या मडक्यावरचं, पुसट. उभा माग, वरून सोडलेले धागे आणि ते ताठ राहावेत म्हणून खाली बांधलेली मातीची वजनं. आत्या त्या चित्रावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसली. इतक्या जुन्या काळातली बाई आपल्याच धंद्यातली निघाली, याचं तिला फार बरं वाटलं.

स्टुडिओत पहिल्या दिवशी गेली तेव्हा तिथं बसायचा माग होता. चकचकीत पॉलिश केलेला, पावड्यांसकट. आत्यानं ओठ दाबून धरले. मग कलादिग्दर्शकानं उसवण्याची युक्ती दाखवली. राणी कापडाचं एक टोक धरून ओढणार आणि सगळं कापड सरसर सुटत जमिनीवर धाग्यांचा ढीग होणार. त्यासाठी त्यानं खास कापड करून घेतलं होतं. तो ओढून दाखवू लागला आणि आत्याला हसू आवरेना.

“अहो, हा काय स्वेटर आहे?” ती म्हणाली. “टोक ओढलं की सुटतो तो स्वेटर. विणलेलं कापड असं सुटत नसतं. जो धागा शेवटी घातला तो आधी काढायचा, मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं परत आणायचा. विणण्यापेक्षा उसवायलाच जास्त वेळ लागतो. म्हणून तर बिचारीच्या रात्रीच्या रात्री जात होत्या!”

“प्रेक्षकांना एवढं कुठं कळतं?” कलादिग्दर्शक तुटकपणे म्हणाला.

“प्रेक्षकांत विणकर नसतात काय? आम्ही तिकीट काढत नाही?”

दिग्दर्शक मागं उभा राहून ऐकत होता. उंच, कमी बोलणारा माणूस. बाहेर नाकाच्या भांडणानं त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. तो पुढं आला आणि म्हणाला, “आत्या, मग काय करायला हवं?”

आत्यानं पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. दोन दिवसांत सुतारानं उभा माग ठोकला, कुंभारानं साठ वजनं भाजून दिली आणि आत्या त्या मागापुढे उभी राहिली. काम सगळं उलटं होतं. आपल्याकडं विणलेला भाग अंगाकडं ठोकायचा, इथं तो वर सारायचा. पहिल्या दिवशी तिचे खांदे भरून आले. दुसऱ्या दिवशी जमायला लागलं. तिसऱ्या दिवशी ती चालत चालत विणत होती आणि नायिका तिच्या मागं मागं चालत शिकत होती. मुलगी गुणी होती. जेमतेम तिशीची, भराभर शिकणारी, पण मधेच गप्प व्हायची. एकदा आत्यानं सरळ विचारलं तेव्हा म्हणाली, “रोज सकाळी फोन उघडला की हजार माणसं सांगतात, तुझा चेहरा राणीचा नाही.”

“मग उघडू नकोस,” आत्या म्हणाली. “आण तो धागा इकडं.”

पाचव्या दिवशी आत्याच्या हातांचं चाचणीचं चित्रीकरण झालं. ते निर्मात्याच्या कचेरीत गेलं आणि तिथून निरोप आला. हात चालणार नाहीत. फार म्हातारे दिसतात, चेहऱ्याशी जुळत नाहीत. दुसऱ्या हातांची सोय केली आहे. आत्यांनी शिकवायचं काम चालू ठेवावं.

हे सांगताना दिग्दर्शकाची मान वर होत नव्हती. आत्याला उत्तर सुचलं नाही, असं बहुधा पहिल्यांदाच झालं. लग्नाच्या वयात एका मुलाच्या आईनं तिचे हात उलटेपालटे करून बघितले होते आणि ‘हे तर मजुराचे’ म्हणून सोडून दिले होते. ते लग्न मोडलं याचं आत्याला कधी दुःख झालं नाही, मुलगा बावळटच होता. पण ती नजर तिला आजही लख्ख आठवत होती. भाजीवाली, कंपाउंडर, शेडमधल्या सात जणी, सगळ्यांना आता काय सांगायचं? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी नवे हात आले. दागिन्यांच्या जाहिरातीत दिसणारी एक तरुण मुलगी. हात नजर लागावी असे, लोण्यासारखे मऊ. तिला उसवायला उभं केलं. दोन ओळी झाल्या आणि तिसऱ्या ओळीला तिनं आडवा धागा समजून उभाच ओढला. तो तटकन तुटला, खालचं वजन निसटून फरशीवर फुटलं आणि शेजारचे धागे एकमेकांत गुंतले. मुलीच्या बोटातून रक्त आलं. आत्यानंच धावत जाऊन तिच्या बोटाला चिंधी बांधली, कारण पोरीचा त्यात काय दोष?

मग ती दिग्दर्शकाकडं वळली. काल अडलेलं उत्तर रात्रीतून तयार झालं होतं.

“साहेब, तुमच्या ग्रंथात हिशेब स्पष्ट आहे. राजा गेला तेव्हा पोरगं तान्हं होतं, आला तेव्हा त्याला मिशा फुटल्यात. वीस वर्षं. त्यातली तीन वर्षं बाई दिवसा विणतेय आणि रात्री उसवतेय. तिचे हात जर असे गुळगुळीत असतील, तर ती विणत नव्हती. आणि ती विणत नव्हती, तर तुमची सगळी गोष्ट खोटी. बाहेर नाकासाठी भांडताहेत. नाकाबद्दल ग्रंथात एक अक्षर नाही. हातांच्या कामाबद्दल पानंच्या पानं आहेत, वाचता येत असेल तर वाचा!”

दिव्यावाले दिवे सोडून बघत राहिले.

“पण आत्या,” दिग्दर्शक हळू आवाजात म्हणाला, “तुमचे हात आणि हिचा चेहरा पडद्यावर एका बाईचे वाटत नाहीत. तेही खरंच आहे.”

“खरं आहे,” मागून नायिका म्हणाली. ती पुढं आली, आत्याचा उजवा हात उचलून तिनं स्वतःच्या गालाशी धरला आणि समोरच्या आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. “चूक हातांची नाहीच. चूक माझ्या चेहऱ्याची आहे. वीस वर्षं वाट बघितलेल्या बाईला तुम्ही काल लग्न झाल्यासारखी नटवलीत. हात बदलू नका. चेहरा हातांशी जुळवा.”

आणि ती जाऊन रंगभूषेच्या खुर्चीत बसली. रंगभूषाकार तीन तास आत्याचे हात समोर ठेवून काम करत होता. डोळ्यांखालच्या रेषा, कपाळावरची आठी, ओठांच्या कडेचा ओढलेपणा. ती उठली तेव्हा समोर पंचेचाळिशीची एक थकलेली, हट्टी, देखणी बाई होती. दिग्दर्शकानं दोघींना मागापुढे शेजारी उभं केलं, लांब जाऊन बघितलं आणि तिथूनच निर्मात्याला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं कोण जाणे, हा मात्र एकच वाक्य बोलत होता, “मग सिनेमा दुसऱ्याकडून करून घ्या.” तिसऱ्यांदा बोलला तेव्हा पलीकडून होकार आला.

आत्याच्या हातांचं चित्रीकरण दुपारी झालं. खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र केली होती. कॅमेरा हातभर अंतरावर. आत्यानं धाग्यांची फट उघडली, शेवटचा आडवा धागा बोटावर घेतला आणि चालत चालत मागं नेला. मग त्याच्या आधीचा. मग त्याच्या आधीचा. घाई नाही, थरथर नाही. दिवसभराचं काम स्वतःच्या हातानं नाहीसं करताना जे वाटतं ते तिला ठाऊक होतं, चुकलेलं कापड तिनं कितीदा उसवलं होतं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणाला, तरी ती थांबली नाही.

“आत्या, झालं.”

“ओळ अर्धी आहे,” आत्या म्हणाली. “अर्धी ओळ सोडून विणकर उठत नसतो.”

कॅमेरावाल्यानं शहाणपण दाखवलं. त्यानं कॅमेरा बंद केला नव्हता. शेवटी सिनेमात ठेवला तो तोच तुकडा.

सिनेमा लागला त्या शनिवारी शेडला कुलूप लावून आठही जणी गेल्या. थिएटर खच्चून भरलं होतं, भांडायला आलेल्यांनी निम्मं आणि बघायला आलेल्यांनी निम्मं. आत्याच्या पुढच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ होते. राणी पहिल्यांदा दिसली तेव्हापासून ते शेजारच्याला ऐकवत होते, “ही कसली राणी? ग्रंथात अशी आहे का? सगळा सत्यानाश केलाय.” भाचीनं दोनदा शुक् शुक् केलं. आत्याचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. ती आपले हात कधी येतात याची वाट बघत होती.

मग पडद्यावर रात्र झाली. अंधारातून दोन हात वर आले. भिंतीएवढे. वाकडी तर्जनी, घट्टा, बारीक पांढऱ्या रेघा, सगळं दिव्याच्या उजेडात सोन्यासारखं लखलखत होतं. एक धागा निघाला, दुसरा निघाला. हातांवरून कॅमेरा वर चढत राणीच्या चेहऱ्यावर गेला, आणि ते हात त्याच चेहऱ्याचे होते, यात कुणाला तिळमात्र शंका उरली नाही. पुढचे गृहस्थ शेजारच्याकडं झुकून म्हणाले, “हात बघ तिचे. हिनं खरंच वाट बघितलीय रे.”

आत्या पुढं वाकली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर टकटक केलं. ते वळले. पडद्याच्या उजेडात आत्यानं आपले दोन्ही हात त्यांच्या डोळ्यांसमोर धरले, आधी वरून, मग तळव्यांकडून, नीट दिसावेत असे. गृहस्थांनी हातांकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, पुन्हा हातांकडं बघितलं.

“बघितलेत?” आत्या म्हणाली. “आता गप बसा आणि पुढचा सिनेमा बघा.”