पळवलेला भाग

आज इथे आखातात, माबेलातल्या घरी पडदे धुवायला काढले. लोखंडी रॉड हातात आला, तळव्याला गंजाचा वास लागला आणि मी थेट लहानपणी, इथल्याच वादी कबीर भागातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये पोचले.

शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी जेवणं झाली की बाबा जपानी सामुराईंचा सिनेमा लावायचे. मुंडकी उडायची, भिंतीवर रक्ताच्या चिळकांड्या उडायच्या. मी आणि धाकटा निखिल पापड चावत बघायचो. पण सामुराईने एखाद्या बाईचा नुसता हात धरला, की बाबा रिमोट उचलून तेवढा भाग पुढे पळवायचे. "मुलं बसलीयेत," म्हणायचे.

अशाच एका दुपारी बाबांचा डोळा लागला. मी पडद्याचा रॉड उपसला आणि ओरडत निखिलच्या कपाळावर हाणला. भुवई उभी फाटली. रक्त त्याच्या डोळ्यात, बनियनवर, सोफ्याच्या उशीवर. हाताला बसलेला तो झटका मला अजून आठवतो, आणि खरं सांगायचं तर क्षणभर मजा वाटली होती.

"अगं, का मारलंस त्याला?" आई किंचाळली.

मी टीव्हीकडे बोट दाखवलं. आमच्या सिनेमात सगळे उगीचच मारायचे.

आज हातातला रॉड कोपऱ्यात ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले. माझी लेक तसलाच सिनेमा बघत होती. मुंडकी उडत होती तोवर मी निवांत तिच्याशेजारी बसले. मग सामुराईने एका बाईचा हात धरला आणि मी रिमोट उचलला.

"आई, नको ना," लेक म्हणाली. "तो का फाइट करतो, ते बघायचंय मला."